मानाची बोअर-पट्टी

चक्रम माणसं मी पुष्कळ पाहिली. नर्सच्या नोकरीत ती शोधायला जावं लागत नाही, आपल्या पायानं चालत येतात. इंजेक्शन नको, नुसती सुई दाखवा म्हणणारे होते. सरकारी गोळी आधी बकरीला चारून बघणारेही होते. पण ‘आमच्यावर कर बसवा हो’ असं म्हणत गावभर हिंडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता.

नव्वदीनंतरची ती वर्षं. तेलगावच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत असलेल्या एका गावात माझी बदली झाली. उपकेंद्राच्या क्वार्टरला छप्पर होतं, पण दार कुणीतरी काढून नेलेलं. म्हणून किराणा दुकानामागची एक खोली बघायला गेले. गल्ल्यावर कपाळाला विभूतीचे पट्टे ओढलेले, साठी उलटलेले आप्पा बसले होते. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. विचारलं ते असं:

“बाई, तुमी आंघुळीला पानी किती घेता?”

मला वाटलं, म्हातारा चावट आहे. मी पिशवी उचलून निघालेच होते, तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोनं, म्हणजे पुढे माझ्या झालेल्या काकूंनी, हाक दिली. “आवो बसा, बसा. समद्यांनाच इचारतेत ते. ब्यांकेच्या सायबालाबी इचारलंतं.”

खोलीचं भाडं किरकोळ होतं. पाण्याचं मात्र वेगळं. दिवसाला ठरावीक पाणी मोकळं, त्यावर हंडा लागला तर आपल्या हातानं मूठभर जवारी दारातल्या डेऱ्यात टाकायची. ती जवारी चिमण्यांना जायची, आप्पांच्या पोटात एक दाणा जात नव्हता. नियम सगळ्यांना सारखा. काकूंनी पापडाच्या दिवशी जास्त पाणी घेतलं तर काकूंना मूठ, आप्पांच्या हातून तांब्या लवंडला तर आप्पांना मूठ. मी अंबाजोगाईची, नळाच्या गावची. पहिल्या महिन्यात माझी निम्मी जवारी चिमण्यांनी खाल्ली. एकदा चिडून म्हणाले, “आप्पा, तुम्ही निजामाचे कोण लागता?”

ते हसले नाहीत. त्यांना थट्टा कळायची, पण पाण्यावरची चालत नसे. म्हणाले, “फुकट म्हणलं की मान्साचा हात सैल सुटतोय, बाई. तुमचाबी, माझाबी. म्हून कायतरी द्यावं लागावं. थोडं का हुईना, पर हाताला कळलं पायजे.”

हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान. त्याच वर्षांत गावात शांपूच्या पुड्या, गुटखा आणि पातळ रंगीत कॅरीबॅगा आल्या. थोरला मुलगा दुकानात या सगळ्याच्या माळा लावायचा. आप्पा गल्ल्यावर असले की गिऱ्हाइकाला कॅरीबॅग मिळायची, पण त्याआधी ‘कावून पायजे?’, म्हणजे कशासाठी, याचं उत्तर द्यावं लागायचं. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. थोरला मात्र कानकोंडा व्हायचा. “आप्पा, आसं केलं तर गिऱ्हाईक तेलगावला जातंय,” म्हणायचा. आप्पा म्हणायचे, “जाऊ दे. पिशवी घिऊन जाईल.”

दर कार्तिकात ते कपिलधारला पायी जायचे. परत आले की लोक प्रसाद घ्यायला जमत, आणि आप्पा प्रसादाआधी तिथल्या धबधब्याची हकिकत सांगत. यंदा धार मांडीएवढी, यंदा मनगटाएवढी. देवाचं दर्शन कसं झालं ते काकूंनी सांगायचं, हे ठरलेलंच. एका वर्षी त्यांनी नुसती करंगळी वर केली आणि गूळ-खोबरं वाटायला घेतलं.

पण त्यांचा खरा जीव होता तो गावच्या बारवेत. महादेवाच्या देवळासमोर जुनी, दगडी पायऱ्यांची बारव. सगळं गाव तिचंच पाणी प्यायचं. तिच्यात ब्लीचिंग पावडर पडली की नाही ते बघायला मला दर आठवड्याला जावं लागे, आणि आप्पा बहुतेक वेळा आधीच तिथं बसलेले असत. आत, खालच्या अंगाला एका कोनाड्यात दगडी नंदी होता. पावसाळ्यात तो पाण्याखाली जायचा. उन्हाळ्यात आधी शिंगं वर यायची, मग वशिंड, आणि फार तर गुडघे. नंदीचे खूर कधी उघडे पडले नाहीत, असं गाव अभिमानानं सांगे. आप्पांच्या लहानपणी मोठा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांचे वडील गाळ काढायला उतरले आणि दरड अंगावर येऊन तिथंच गेले. गाळ निघाला, पाणी लागलं, आणि लिंगायतांच्या रीतीनं बापाला अग्नी न देता मूठमाती देऊन आल्यावर आप्पांच्या आईनं पहिला घोट त्याच पाण्याचा घेतला. हे मला काकूंनी सांगितलं. आप्पांनी कधीच नाही.

मग बोअरच्या गाड्या आल्या. दक्षिणेकडच्या ट्रकांवर उभ्या केलेल्या त्या मशिनी, लुंगी नेसलेले कामगार, आणि घरात बसलं तरी दातात जाणारा तो फुफाटा. साखर कारखान्यानं गाव धरलं होतं. ज्याच्या वावरात बोअर त्याच्या वावरात ऊस, आणि ज्याच्या वावरात ऊस त्याच्या दारात मोटरसायकल. कुणाला नावं ठेवायची? शहरात सगळे पुढे निघाले होते, टीव्हीवर रोज नवी मोटार दिसत होती, मग ह्यांनीच का कापूस वेचत बसायचं? पण त्या उन्हाळ्यात पाणी नंदीच्या गुडघ्यांच्याही खाली गेलं, आणि आप्पांची झोप उडाली.

त्यांनी ठरवलं, बोअरवर पट्टी बसली पाहिजे. घरपट्टी असते, पाणीपट्टी असते, तशी बोअर-पट्टी. जितकी खोली तितकी पट्टी. म्हणजे माणूस खोल जाताना दोनदा विचार करील, आणि जमलेल्या पैशातून बारवेचा गाळ निघेल, ओढ्याला बांध पडेल. डोक्यावर टोपी, खांद्यावर पंचा, आणि म्हातारा घरोघर निघाला. मी लसीकरणाला जाई तिथं तिथं मला त्यांच्या चपला दिसत.

गंमत अशी की कुणी नाही म्हणत नव्हतं. ऊसवाले म्हणाले, “बसवाच आप्पा, पर आदी त्या मांजरसुंब्याच्या धाब्यावाल्यांवर बसवा. गाड्या धुवायलेत नुसत्या.” कापूसवाले म्हणाले, ऊसवाल्यांवर बसवा. एक बोअर असलेला म्हणाला, दोन असलेल्यावर बसवा. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती ते म्हणाले, दुप्पट बसवा. आप्पा घरी येऊन काकूंना सांगत, “समदे हो म्हनायलेत की.” काकू भाकरी थापता थापता म्हणत, “म्हनंनात का. सोताचं नाव कुनी घेतलं का?”

सरपंच मोठे जमीनदार, तालुक्याच्या राजकारणातले. आप्पांना मान द्यायचे, खुर्ची पुढं करायचे. ते स्पष्ट बोलले. “आप्पा, तुमचं खरं हाय. पर कर म्हणलं की मत जातंय. लोक खुशीनं देत आसतील तर माझी ना न्हाई.”

खुशीनं. हा एकच शब्द आप्पा घेऊन आले आणि दोन दिवस गल्ल्यावर तोच घोळवत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उपकेंद्रावर निघाले तर मला हाक मारून म्हणाले, “बाई, हे गाव खुशीनं पैसा कवा देतंय?”

“कधीच नाही,” मी म्हणाले.

“देतंय. जत्रंला देतंय.”

आणि खरंच होतं ते. चैत्रात महादेवाची जत्रा भरे. त्याआधी वर्गणी. पोटाला चिमटा घेऊन लोक वर्गणी देत, कारण जत्रेच्या दिवशी देवळापुढे लाउडस्पीकरवर प्रत्येकाचं नाव घेतलं जाई. अमक्याचे इतके, तमक्याचे तितके. ज्याची वर्गणी सगळ्यात मोठी त्याला पंच फेटा बांधत आणि पालखीला पहिला खांदा त्याचा. एका वर्षी दुसऱ्या नंबरवर गेलेल्या माणसानं बायकोची पाटली मोडून पुढच्या साली पहिला नंबर घेतला होता. गाव हसलं नाही, गावानं त्याला नीट फेटा बांधला.

आप्पांनी मांडलं ते हे: बोअर-पट्टी जत्रेच्या वर्गणीसारखी घ्यायची. देवळापुढं नाव पुकारायचं, खोली पुकारायची, पट्टी पुकारायची. जो जास्त भरेल त्याला फेटा. सरपंचांनी हे ऐकलं आणि दुसऱ्यांदा खुर्ची पुढं केली.

ती ग्रामसभा मी पाहिली आहे. एरवी ग्रामसभेला कोरम भरत नसे, शिपाई घरोघर सह्या घेत फिरे. त्या दिवशी मारुतीच्या पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. सरपंचांनी ठराव वाचला आणि सगळे हात वर गेले. विरोध कोण, असं विचारल्यावर माणसं एकमेकांकडे बघून हसली. आप्पा खाली मांडी घालून बसले होते. त्यांनीही हात वर केला होता आणि ठराव झाल्यावरही तो खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मला आणि काकूंना समोर बसवून स्वतःच्या हातानं चहा केला. चहा वाईट झाला होता. पण म्हातारा इतका खुशीत होता की आम्ही दोघी तो मुकाट्यानं प्यायलो.

पहिल्या चैत्रात नावं पुकारली गेली. पुकारणारा शाळेतला मास्तर, आवाज खणखणीत. प्रत्येक नावामागं खोलीचे फूट आले की टाळ्या. सगळ्यात खोल बोअर सरपंचांच्या चुलतभावाचा निघाला. त्याला फेटा बांधला, आणि बांधणारे होते आप्पा, कारण पट्टीची कल्पना त्यांची. फोटोही काढला. पट्टी खरोखर जमली. ओढ्याला एक छोटा बांध पडला. आप्पा रोज जाऊन त्या बांधावर बसून येत.

घोटाळा मला पहिल्यांदा कळला तो उपकेंद्रात. एक शेतकरी मुलाला घेऊन आला होता. पोराला हगवण. मी जलसंजीवनीची पावडर पाण्यात कशी घालायची ते सांगत होते, आणि हा शेजारच्याला सांगत होता, “आपन आनखी शंभर फूट खाली जानार. पानी लागलंय, त्ये सोड. पर बांधाशेजारच्याचं नाव माझ्या वरच्या नंबरवर पुकारलं ना बे गेल्या साली.”

मी घरी येऊन आप्पांना सांगितलं. त्यांना ते पटेना. “आसं कसं? पट्टी वाढंल की.”

“वाढेल म्हणूनच तर,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला सांगितल्याचा पश्चात्ताप झाला. मग ते पंचा घेऊन निघाले आणि ज्याच्या त्याच्या वावरात जाऊन आले. सगळीकडे त्यांचं स्वागत झालं. ज्यानं त्यानं बोअरच्या खोपीत पंचायतीची पावती खिळ्यानं ठोकलेली दाखवली. पट्टी भरलीये आप्पा, मग आता काय भ्या? पूर्वी बोअर पाडताना माणूस जरा चोरून पाडायचा, बारवेकडून जाताना मान खाली घालायचा. आता गाडी वाजतगाजत आणायचे. गाडीला हार घालायचे. ज्यांना पाणी होतं ते खोल गेले, ज्यांना गरज नव्हती त्यांनी पाडला, आणि एका कापसाच्या व्यापाऱ्यानं, ज्याला शेती म्हणजे घरामागचा परसच होता, त्यानंही पाडला. कोरडा गेला. पण पुकारलं गेलं, टाळ्या पडल्या.

दुसऱ्या उन्हाळ्यात नंदीचे खूर उघडे पडले. गाव बघायला आलं. बायकांनी हळद-कुंकू वाहिलं. आप्पा वरच्या पायरीवर बसून होते, खाली उतरले नाहीत. मी पावडर टाकायला गेले होते, आणि पाण्यात पडण्याऐवजी ती चिखलावर पांढरी होऊन बसली.

पुढच्या ग्रामसभेत आप्पा उभे राहिले आणि म्हणाले, पट्टी बंद करा. मग एकजण मागून म्हणाला, “आसं कसं आप्पा? पर्यावरनासाठी हाय की ती.” हा शब्द तेव्हा नवा होता, टीव्हीवरून आलेला. दुसरा म्हणाला, पट्टी बंद केली तर गावाचं नाव खराब होईल, तालुक्यावरून साहेब बघायला येणार आहेत. सरपंच हात जोडून म्हणाले, “आप्पा, उभ्या मराठवाड्यात कर मागून घेणारं गाव हुडकून सापडत न्हाई. हे तुमच्यामुळं हाय. आता तुमीच मोडायलात?” मग मतं घेतली. पट्टी बंद करावी म्हणून एकच हात वर गेला. तो खाली यायलाही वेळ लागला नाही.

बारवेतला एक दगडी बैल नुसता कोरडा पडला असता तर मी एवढी हळहळले नसते. पण सकाळी उपकेंद्रात येणारी पोरं मी पाहत होते. ओठ फाटलेली, डोळे आत गेलेली. गावातल्या बायका शिवारातल्या बोअरवर घागरी घेऊन जात, आणि मालकाची लाईट असली, मर्जी असली तर पाणी मिळे. बारवेवर कुणाची मर्जी लागत नसे. मला संताप यायचा. कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. सगळे भले लोक होते, सगळ्यांनी कर भरला होता.

तिसऱ्या चैत्रात मास्तरनं सगळ्यात खोल बोअरवाल्याचं नाव शेवटी राखून ठेवलं. लाउडस्पीकर खरखरला, आणि नाव आलं ते आप्पांच्या थोरल्याचं. त्यानं बापाला सांगितलं नव्हतं. दुकानाच्या कमाईतून वाटेकरी घेऊन ओढ्यापलीकडच्या वावरात पाडला होता. बारवेच्या झऱ्याच्याच अंगाला. एवढं पाणी लागलं होतं की लोक बघायला जात होते.

फेटा बांधायला आप्पांनाच पुढं बोलावलं. काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडलं नाही. आप्पा गेले. थोरल्यानं मान वाकवली. म्हाताऱ्यानं फेट्याचा एकेक वेढा व्यवस्थित दिला, शेमला नीट काढला, जसा लग्नात काढला असेल तसा. मास्तरनं दोन शब्द बोला म्हणून माईक पुढं केला.

आप्पा म्हणाले, “पानी फुकट हुतं तवा घ्यायची लाज तरी वाटत हुती. मी लाजंची पावती फाडून दिली तुमाला. माझं चुकलं. पट्टी बंद करा.”

पहिल्यांदा कुणालाच काही कळलं नाही. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली, आणि बाकीच्यांनी वाजवली. मोठी माणसं अशीच बोलतात, सगळं श्रेय नाकारतात, असं सरपंच तालुक्यावरून आलेल्या पाहुण्यांना सांगत होते. थोरला मात्र टाळ्या वाजवत नव्हता. तो फेटा घालून जमिनीकडे बघत उभा होता. एका माणसाला तरी कळलं, एवढंच. पण कळून काय? बोअरवरची मोटार चालूच राहिली.

पावसाळा कोरडा गेला आणि टँकर सुरू झाला. आप्पांच्या घरात तोवर थोरल्यानं बोअरवरून पाइप आणून नळ बसवला होता. काकूंच्या गुडघ्यांना आराम पडला, आणि काकूंना त्या आरामाची लाज वाटायची, असं त्यांनीच मला सांगितलं. माझ्या खोलीलाही नळाचं पाणी होतं. पण उपकेंद्राला पाणी लागायचं, म्हणून मी टँकरच्या रांगेत उभी राहायचे. एक दिवस सकाळी बघते तर माझ्यामागे चार बायका सोडून आप्पा उभे. अंगात बंडी, हातात पितळी घागर.

मी रांग सोडून मागे गेले. “आप्पा, घरात नळ आहे ना? उन्हात कशाला?”

“तुमाला म्हाईत हाय का, ह्यो टँकर कुठून भरतोय?”

मला माहीत नव्हतं.

“थोरल्याच्या बोअरवरून. पंचायतीनं भाड्यानं घेतलाय.”

“मग तेच पाणी की. घरी घ्या ना.”

त्यांनी घागर एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आवाज नेहमीचाच होता, चढलेला नाही, भरून आलेला नाही.

“तेच हाय, बाई. पर घरात घेतलं की ते थोरल्याचं. हितं रांगंत हुबं ऱ्हायलं की वाटतंय, गावाचं हाय.”

मला तिथंच रडू फुटलं. सगळ्या बायका बघायला लागल्या. आप्पा म्हणाले, “तुमी तुमच्या नंबरवर जावा, बाई. नंबर जाईल.” आणि टँकरवाल्यानं पाइप सोडला, तशी रांग पुढे सरकली.